वीज गेली नव्हती

कारखान्यात विजेबद्दल साधारणपणे एकच प्रश्न विचारला जातो: आहे की गेली? उत्तर छताकडे बघून देता येतं. दिवे चालू असले की वीज आहे. विद्युत देखभालीच्या नोकरीत मी जी भांडणं पाहिली, त्यांतल्या बऱ्याच भांडणांचं मूळ या छताकडे बघण्यात होतं. दिवे चालू, पंखे चालू, साहेबांच्या टेबलावरचा संगणक चालू आणि खाली शॉपफ्लोअरवर अर्धी लाइन बंद पडलेली. उत्पादनवाले म्हणतात मशीन खराब आहे. मशीनवाले म्हणतात प्रोग्रॅम अडकला. प्रोग्रॅमवाला म्हणतो सप्लायमध्ये काहीतरी आहे. आणि सप्लायवाला, म्हणजे मी, पॅनेलवरचा मीटर दाखवतो: तिन्ही फेज ठणठणीत. यातला कोणीही खोटं बोलत नसतो, म्हणूनच ही भांडणं मिटत नाहीत.

घडलेलं असतं ते असं. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यात विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. कितीतरी किलोमीटर दूर एखाद्या उच्चदाब वाहिनीवर आकाशातली वीज पडते, किंवा फांदी टेकते. फॉल्ट होतो. रिले नावाचं पहारेकरी उपकरण तो ओळखतं, ब्रेकर उघडतो (म्हणजे जोडणी तोडतो) आणि ती वाहिनी वेगळी पडते. पारेषणाच्या पातळीवर हे सगळं तीन ते सहा आवर्तनांत, म्हणजे ६० ते १२० मिलिसेकंदांत उरकतं. पण तेवढ्या वेळात तो फॉल्ट प्रचंड करंट ओढत असतो आणि आसपासच्या सगळ्या जाळ्यात व्होल्टेज खाली बसतं. आपली वाहिनी शाबूत आहे, आपला ब्रेकर उघडलेलाच नाही, तरी आपल्या बसबारवर, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या मुख्य पट्टीवर, व्होल्टेज क्षणभर साठ टक्क्यांवर येतं आणि पुन्हा वर जातं. याला डिप म्हणतात, सॅगही म्हणतात. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ११५९ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्याची हद्द आखलेली आहे: व्होल्टेज मूळच्या १० ते ९० टक्क्यांच्या मध्ये, आणि मुदत अर्ध्या आवर्तनापासून एका मिनिटापर्यंत.

यात वीजपुरवठा करणाऱ्यांचं काही चुकलेलं नसतं. उलट त्यांच्या संरक्षण यंत्रणेनं आपलं काम चोख केलेलं असतं. आपला पुरवठा खंडित झालाच नाही, त्यामुळे खंडित पुरवठ्याच्या नोंदवहीत आपल्या नावापुढे काही लागत नाही. फोन केला तर पलीकडचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘साहेब, तुमची लाइट गेलेलीच नाही.’

मग बंद काय पडतं? मोठी मोटर नाही. ती रोटरच्या वजनाच्या जोरावर ऐंशी मिलिसेकंद आरामात काढते. पडतो तो तिचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं मोटरची वीज जोडून धरणारा स्विच. त्याची कॉइल ज्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) मानकानुसार बनते, त्यात म्हटलंय की कॉइलच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर कॉन्टॅक्टरनं ओढलं पाहिजे, आणि व्होल्टेज उतरताना ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी त्यानं सोडलं पाहिजे. हे ‘कुठेतरी’ फार महत्त्वाचं आहे. एकाच पॅनेलमध्ये शेजारी बसलेल्या दोन कॉन्टॅक्टरांपैकी एक पासष्ट टक्क्यांना सोडेल, दुसरा पंचेचाळीसला, आणि दोघेही नियमात बसतील. त्यात व्होल्टेजच्या लाटेच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर डिप सुरू झाला यावरही कॉइल धरते की सोडते हे ठरतं. म्हणून सोमवारी दोन नंबरचा पंप जातो, गुरुवारी पाच नंबरचा. अशा वागण्याला कारखान्यात ‘पॅनेलमध्ये भूत आहे’ असं म्हणतात आणि त्या बिचाऱ्या पंपाची मोटर विनाकारण उघडली जाते.

पंप गेला की थंड पाण्याचा दाब उतरतो. दाब उतरला की इंटरलॉक (सुरक्षेसाठीची आपोआप अडवणूक) भट्टी बंद करतो, आणि भट्टी बंद झाली की लाइन थांबते. डिप ऐंशी मिलिसेकंदांचा, थांबणं सहा तासांचं. प्लास्टिकच्या एक्सट्रुडरमध्ये माल बॅरलमध्येच घट्ट होऊन बसतो. कागदाच्या यंत्रावर ताव तुटतो आणि तो पुन्हा ओवून वेग पकडेपर्यंत शिफ्ट बदलते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला जपानमधलं वाटतं. ८ डिसेंबर २०१० च्या पहाटे तोशिबाच्या योक्काइची इथल्या मेमरी चिपच्या कारखान्यात व्होल्टेज ०.०७ सेकंदांसाठी खाली आलं. तिथला पुरवठा ६० हर्ट्झचा, म्हणजे जेमतेम चार आवर्तनं. पुढच्या दोन महिन्यांत चिपांचा पुरवठा वीस टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. चिपा बनवणाऱ्या यंत्रांसाठी सेमी एफ४७ नावाचं मानक त्याच्या आधीपासून होतं. व्होल्टेज निम्म्यावर आलं तर ०.२ सेकंद, सत्तर टक्क्यांवर आलं तर अर्धा सेकंद आणि ऐंशी टक्क्यांवर आलं तर एक सेकंद यंत्रानं चालूच राहिलं पाहिजे, असं ते सांगतं. मानकं यंत्राला लावता येतात. कारखाना मात्र यंत्रांच्या मधल्या पंपांनी, पंख्यांनी, झडपांनी आणि कोणीतरी घाईत बसवलेल्या एखाद्या रिलेनं बनलेला असतो, आणि तो नेमका तिथे अडखळतो.

इथे मला टक्केवारीचा राग येतो. पुरवठा ९९.९९ टक्के उपलब्ध होता, असं वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं. उरलेला ०.०१ टक्का म्हणजे वर्षाला साधारण ५२ मिनिटं. ही बावन्न मिनिटं एका रविवारी सलग गेली तर कोणाला पत्ताही लागत नाही. तीच सेकंदा-सेकंदाच्या तुकड्यांनी वर्षभर पसरली तर तीन हजारांवर खंड होतात आणि कारखाना विकायला काढावा लागेल. अहवालातला आकडा मात्र दोन्हीकडे तोच. युरोपातल्या ईएन ५०१६० या मानकात साध्या व्होल्टेजबद्दल अशी अट आहे की आठवड्यातल्या दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्यांपैकी ९५ टक्के सरासऱ्या ठरलेल्या व्होल्टेजच्या दहा टक्के वर-खालीच्या हद्दीत असाव्यात. आठवड्याचे तास १६८. त्यांचे पाच टक्के म्हणजे आठ तासांहून थोडे अधिक. तेवढा वेळ ती मर्यादा ओलांडूनही पुरवठा नियमात राहू शकतो. हा मानकाचा दोष नाही. ते पुरवठादार आणि ग्राहक यांच्यातल्या व्यवहारासाठी लिहिलेलं आहे, माझ्या कॉन्टॅक्टरसाठी नाही. पण खरेदी विभागाला हा फरक समजावून सांगणं हे काम कोणत्याही डिपपेक्षा अवघड आहे.

दोष कोणावर तरी लावायची घाई ही या क्षेत्रातली खरी व्याधी. एका कारखान्यात सकाळच्या पाळीत एकच ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बंद पडायची, रोज जवळपास ठरलेल्या वेळी. त्या वेळी मशीनवर एक ठरावीक ऑपरेटर असायचा. तर्क साधा होता: हाच काहीतरी करतो. त्याची पाळी बदलली. ड्राइव्ह आपली सकाळीच बंद पडत राहिली आणि आता नव्या ऑपरेटरकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. ड्राइव्हच्या पडद्यावर कारण स्पष्ट लिहिलेलं असायचं, ‘ओव्हरव्होल्टेज’. बंद पडणं म्हणजे वीज कमी पडणं, असं सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की रीसेटचं बटण दाबणाऱ्या कोणीच तो शब्द वाचला नव्हता. सकाळी सगळीकडचा लोड चढतो, व्होल्टेज उतरायला लागतं, आणि ते सावरायला वीज उपकेंद्रात कपॅसिटर बँक चालू केली जाते. ती चालू होताना लाटेवर एक उसळी येते. तिचं शिखर सिद्धांतानुसार नेहमीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं, प्रत्यक्षात बहुधा त्याच्या अलीकडे राहतं. ड्राइव्हच्या डीसी बसला, म्हणजे तिच्या आतल्या एकदिश विजेच्या साठ्याला, ट्रिप व्हायला तेवढी पुरते. उपाय होता ड्राइव्हच्या तोंडाशी तीन टक्क्यांचा चोक. लोखंड आणि तांब्याचं एक मुकं वेटोळं, त्यात बिघडण्यासारखंही काही नाही. चोक बसला, ट्रिप थांबल्या. पहिल्या ऑपरेटरला जुनी पाळी परत मिळाली की नाही, हे मी विचारलं होतं. ‘आता रोस्टर लागलाय,’ एवढंच उत्तर आलं.

तरी ही बाहेरून आलेली गोष्ट झाली. आतल्या घाणीबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही, कारण ती आपलीच असते. ज्या ड्राइव्हनी वीज वाचवली म्हणून आपण फलक लावतो, त्याच पुरवठ्याची लाट ओरबाडतात. साधी सहा-पल्स ड्राइव्ह करंट सलग घेत नाही, घोट-घोट घेते, आणि त्यातून मूळ वारंवारतेच्या पाचपट, सातपट, अकरापट, तेरापट असे हार्मोनिक तयार होतात. कोणतीही आवर्ती लाट साध्या लाटांच्या बेरजेत मोडता येते हे जोसेफ फूरियेनं १८२२ च्या उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलं. उष्णतेच्या अभ्यासातून निघालेलं ते गणित आज आमच्या तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचं कारण सांगतं, ही मला उगाचच आवडणारी गोष्ट आहे.

हार्मोनिक एकटे असताना फारसे उपद्रवी नसतात. त्यांना जोडीदार मिळाला की बिघडतं, आणि तो जोडीदार बहुतेक वेळा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) सुधारायला बसवलेला कपॅसिटर असतो. रिकाम्या खोलीच्या भिंती एखाद्याच सुराला घुमतात, तसं ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून एका ठरावीक वारंवारतेला घुमतात. ती कोणती हे कागदावर दोन ओळींत काढता येतं. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, पाच टक्के इम्पीडन्स, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता २०,००० केव्हीए. त्यावर ४०० केव्हीएआर कपॅसिटर. भागाकार पन्नास, त्याचं वर्गमूळ सातच्या अगदी जवळ, म्हणजे ही जोडी मूळ वारंवारतेच्या सातपटीला घुमते. आणि ड्राइव्ह सातवा हार्मोनिक तयारच करून देतेय. मग कपॅसिटर फुगतात, फ्यूज जातात, आणि खरेदीवाले म्हणतात माल निकृष्ट आला. दुसऱ्या कंपनीचे आणले तरी तेच होतं. खरं तर कपॅसिटरच्या आधी रिॲक्टर (वरच्या चोकसारखंच वेटोळं) जोडून ही जोडी बेसूर करायची असते. सात टक्क्यांचा रिॲक्टर घेतला तर पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यात ती १८९ हर्ट्झला जाऊन बसते, तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधल्या मोकळ्या जागेत. एक गोष्ट मात्र विसरायची नाही: रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी चढतं, तेव्हा जुनेच कपॅसिटर ठेवून नुसता रिॲक्टर जोडणं म्हणजे पुढच्या स्फोटाची तारीख ठरवणं.

फेजांमधल्या असमतोलाबद्दल, म्हणजे तिन्ही फेजांवरचं व्होल्टेज सारखं नसण्याबद्दल, थोडक्यात. मोटरची तापमानवाढ (भोवतालच्या हवेपेक्षा ती जितकी जास्त तापते ते) असमतोलाच्या टक्केवारीच्या वर्गाच्या साधारण दुपटीइतक्या टक्क्यांनी वाढते; साडेतीन टक्के असमतोलाला जवळपास पंचवीस टक्के. इन्सुलेशनचं आयुष्य ठोकताळ्यानं दर दहा अंशांना निम्मं होतं. हे दोन्ही ठोकताळे दशकानुदशकं मोटरच्या पुस्तकांत आहेत, आणि तरी नवीन वेल्डिंग सेट आला की तो ज्या पॅनेलमध्ये जागा रिकामी दिसते त्याच फेजवर टाकला जातो.

आता मापनाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे. पॅनेलवरचा साधा मीटर खोटं बोलत नाही, तो सरासरी सांगतो. दहा मिनिटांच्या सरासरीत ऐंशी मिलिसेकंदांचा डिप कुठेच उरत नाही. त्यासाठी आयईसी ६१०००-४-३० या मानकातल्या ‘ए’ वर्गाचं उपकरण लागतं. ते दर अर्ध्या आवर्तनाला ताजं मोजमाप करत डिप पकडतं आणि त्याची खोली, मुदत, वेळ लिहून ठेवतं. त्यातही मला खोली आणि मुदतीपेक्षा वेळ मोलाची वाटते. ‘ए’ वर्गाच्या उपकरणाची वेळ एका आवर्तनाच्या आत अचूक असावी लागते. आणि आमच्या कारखान्यांत? पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या संगणकाचं) घड्याळ चार मिनिटं पुढे, ड्राइव्हचं घड्याळ बॅटरी गेल्यामुळे दर बंद-चालूला शून्यावर, जनरेटरच्या कंट्रोलरवर मागच्या वर्षाची तारीख, आणि सुपरवायझरच्या वहीत ‘चहानंतर’.

घड्याळं जुळत नाहीत तोवर कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. डिप आला म्हणून मोटर थांबली, की मोठी मोटर थेट लाइनवर चालू केली, तिनं सहापट करंट ओढला, म्हणून डिप आला? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. वेळेचा क्रम लागला की प्रश्न एका ओळीत सुटतो. डिपच्या क्षणी इनकमरवरचा (कारखान्यात वीज आत घेणाऱ्या मुख्य ब्रेकरवरचा) करंट वाढलेला असेल तर उगम बहुधा आत आहे, पडलेला असेल तर बाहेर. ‘बहुधा’ म्हणतो, कारण डिप ओसरल्यावर सगळ्या मोटरी वेग परत मिळवायला एकदम करंट ओढतात आणि घाईत बघणाऱ्याला ती वाढ उगम वाटते. मला विचाराल तर महागडा फिल्टर विकत घ्यायच्या आधी सगळ्या कंट्रोलरांना एका वेळेच्या सर्व्हरशी जोडावं. नेटवर्क असतंच, सेटिंग असतं, कोणीतरी एक दुपार बसायला लागतं. पण हे काम कोणाचं? विद्युत विभाग म्हणतो आयटीचं, आयटी म्हणतं ती मशीन आमच्या अखत्यारीत नाहीत.

फिल्टरचा विषय निघालाच आहे. पुरवठा सुधारायचा म्हटलं की विक्रेते कारखान्याच्या दारात बसवायची अवाढव्य उपकरणं घेऊन येतात. ती कामाची असतात, नाही असं नाही. चिपा बनवणाऱ्यांना त्यावाचून गत्यंतर नसतं. पण जितकं वर जाल तितका जास्त लोड सांभाळावा लागतो आणि खर्च त्या मानानं चढतो. अडखळणारी वस्तू मात्र बहुतेक वेळा अगदी खाली असते, हाताच्या मुठीत मावेल एवढी. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला धरून ठेवणारं छोटं मॉड्यूल मिळतं; व्होल्टेज पाव भागापर्यंत उतरलं तरी कॉइल सुटत नाही. (इमर्जन्सी स्टॉप त्याच्या आधी तोडतो की नाही, हे स्वतः दाबून बघावं. यात कोणाच्याही शब्दावर विसंबू नये.) पीएलसीला चोवीस व्होल्ट देणारा सप्लाय १०० ते २४० व्होल्ट असा रुंद इनपुटचा घेतला आणि २३० वर चालवला, तर व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी त्याला फारसं जाणवत नाही. आणि ड्राइव्हमध्ये तर बऱ्याचदा औषध आतच असतं: डीसी बस उतरू लागली की फिरत्या मोटरचीच ऊर्जा परत घेऊन बस टिकवायची सोय. मोठ्या पंख्यांना ती फार छान लागू पडते, घर्षणानं लगेच थांबणाऱ्या कन्व्हेयरला नाही. पण कित्येक ठिकाणी हे पॅरामीटर आल्या दिवसापासून तसंच बंद असतं, कारण मशीन लावून देणाऱ्याला ते मागितलं नव्हतं आणि त्यानं ते सांगितलं नाही.

विश्वासार्हतेच्या नावाखाली आपण दुहेरी व्यवस्था करतो: दोन फीडर (वीज आणणाऱ्या वाहिन्या), दोन ट्रान्सफॉर्मर, मध्ये त्यांना जोडणारा कप्लर. दोन्ही फीडर एकाच उपकेंद्राच्या एकाच बसबारवरून येत असतील तर डिप दोघांवर सारखाच येतो. दोन्ही केबल एकाच चरातून गेल्या असतील तर खोदकामाचं एक यंत्र पुरतं. अशीच गत ब्रेकरांच्या सेटिंगची. खालच्या फीडरवर फॉल्ट झाला तर खालचाच ब्रेकर उडायला हवा, पण कधीतरी रात्रपाळीत सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी स्क्रूड्रायव्हरनं सेटिंग वाढवलेलं असतं. त्याची नोंद नसते. मग एका पंपाच्या शॉर्टला इनकमर उडतो आणि सगळा कारखाना काळोखात. यूपीएसची बॅटरी हा तिसरा भाबडेपणा: गरम खोलीत ठेवलेली बॅटरी दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावते, आणि चार्जरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत हिरवाच राहतो.

म्हणून मी गेली काही वर्षं एकाच गोष्टीचा आग्रह धरून आहे: वर्षातून एकदा, ठरवून, मुख्य ब्रेकर खरोखर उघडायचा. दर आठवड्याला जनरेटर पाच मिनिटं रिकामा चालवून वहीत बरोबरची खूण करणं ही चाचणी नव्हे. लोड घेतल्यावरच कळतं की जनरेटरच्या खोलीतला हवेचा पंखा मुख्य पॅनेलवरून चालतो, म्हणजे ज्या वेळी लागेल त्याच वेळी बंद. यूपीएस उत्तम चालतो, पण त्याच्यामागचा नेटवर्क स्विच कोणीतरी भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावलाय, हेही तेव्हाच कळतं. सगळ्या मोटरी एकदम सुरू व्हायला बघतात आणि जनरेटर गुदमरतो, कारण टप्प्याटप्प्यानं सुरू करायचा क्रम ज्या पीएलसीत आहे, ती स्वतःच अजून चालू होतेय.

उत्पादन प्रमुखांकडे हा प्रस्ताव घेऊन गेलो की ते पहिल्यांदा एकच विचारतात, ‘आणि परत सुरू नाही झालं तर?’ मी म्हणतो, त्या दिवशी माणसं जागेवर असतील, सुटे भाग टेबलावर असतील, आणि वेळ आपण निवडलेली असेल. शेवटच्या बैठकीत त्यांनी बराच वेळ फीडरांची यादी वाचली आणि भट्टीचा फीडर सोडून बाकी सगळ्यावर सही केली. भट्टीबद्दल पुढच्या शटडाउनला बोलू म्हणाले. तिच्या थंड पाण्याच्या पंपांवर कॉइल धरणारी मॉड्यूल तोवर बसवून घेतो, म्हणजे निदान बोलायला हातात काहीतरी असेल.